कोंडलेली वावटळ

घरामागच्या पडवीत मी एक लहानशी विजेची करवत आणि एक घासणी-यंत्र मांडले, त्याला आता काही वर्षे झाली. पोटासाठी सुतारकाम करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. हा केवळ उतारवयातील छंद. परंतु पोटाच्या धंद्याची धूळ घरची मंडळी सोशिकपणे झाडतात, छंदाची मात्र त्यांना फार खुपते. स्वयंपाकघरातील कणकेच्या डब्यावर सागवानाचा थर बसू लागला तेव्हा उपाय करणे भाग पडले. घर झाडण्याचे शोषणयंत्र मी करवतीला जोडून पाहिले. पाच-दहा मिनिटांत त्याची पिशवी भरली, कापडाची छिद्रे बुजली आणि ते यंत्र दमेकऱ्यासारखे धापा टाकू लागले. मग एका जाणत्या मित्राने सल्ला दिला, की करवत आणि यंत्र यांच्यामध्ये एक बादली ठेवा.

बादली साधीच होती, रंगाची, रिकामी झालेली, घट्ट झाकणाची. झाकणात दोन नळ्या बसवायच्या. करवतीकडून येणारी नळी आत शिरल्यावर कडेला वळवायची, म्हणजे हवा बादलीच्या भिंतीला घासून गोल फिरू लागते. दुसरी नळी बरोबर मध्यभागी उभी. ती शोषणयंत्राकडे जाते. गरगर फिरणाऱ्या हवेतला भुसा भिंतीकडे फेकला जातो, तेथे त्याचा वेग मंदावतो, तो तळाशी बसतो आणि मोकळी झालेली हवा मधल्या नळीने निघून जाते. बादलीत पंखा नाही, चाळण नाही, हलणारा एकही भाग नाही.

पहिल्याच दिवशी येणाऱ्या नळीत एक ढलपी अडकली. बाहेरची हवा आत येईना, आतली हवा यंत्र ओढतच राहिले, आणि बादली मोठा आवाज करून चेपलेल्या डब्यासारखी आत दबली. दुसरी बादली जाड घेतली. ती चेपली नाही, परंतु भुसा काही तळाशी बसेना. दोन दिवस डोके खाजवल्यावर कारण सापडले. फिरणाऱ्या हवेच्या मध्यभागी दाब सर्वांत कमी असतो. तळाजवळ बारीकशी चीर असली तरी बाहेरची हवा तेथून वर उसळते आणि बसलेला भुसा उचलून थेट मधल्या नळीत घालते. माझ्या बादलीच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. ती बुजवली, आणि त्या दिवशी संध्याकाळी तळाशी साठलेला चार बोटे भुसा मी घरातील सर्वांना बोलावून दाखवला. त्यांनी तो फारशा उत्साहाने पाहिला नाही, ही गोष्ट वेगळी.

श्रोतेहो, या बादलीचे कौतुक हा आजचा विषय नाही. ही युक्ती प्रथम कोणाला सुचली आणि कशासाठी सुचली, हे पाहू लागलो तेव्हा माझी अशी समजूत होती, की लाकडाची धूळ खाऊन जेरीस आलेल्या एखाद्या सुताराने ती काढली असेल. शोध घेता घेता जे हाती आले ते वेगळे होते. ही वस्तू सुतारशाळेत जन्मली नाही. माणसाच्या श्वासाची काळजी म्हणूनही ती जन्मली नाही. ती जन्मली पिठाच्या गिरणीत, आगीच्या भयाने.

वाऱ्याच्या साहाय्याने हलके आणि जड वेगळे करण्याची विद्या तशी फार जुनी आहे. खळ्यावर तिवईवर उभा राहून धान्य उफणणारा शेतकरी तेच करीत असतो. दाणा पायाशी पडतो, भूस वाऱ्याबरोबर चार हात लांब जाते. तेथे निवाडा करते पृथ्वीचे आकर्षण, आणि ते सर्वांना सारखेच. बारीक धुळीच्या बाबतीत हे आकर्षण दुबळे ठरते. तिचा कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतो. परंतु तीच हवा गोल फिरवली तर? दर सेकंदास १५ मीटर वेगाची हवा १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरली, की तिच्यातील कणावर बाहेरच्या दिशेने पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशे पट होतो. खळ्यावरचा वारा जणू बादलीत कोंडून दीडशे पट बलवान केला. मात्र या जोराची गरज माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भासली नव्हती.

ती भासली पिठामुळे. पीठ पेटते हे आपल्या गृहिणींना ठाऊक असते. परंतु पीठ स्फोटकासारखे उडते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. इटलीतील तुरीन शहरी १४ डिसेंबर १७८५ रोजी एका पाववाल्याच्या पिठाच्या कोठारात असा स्फोट झाला. कोठारात दिवा जळत होता आणि पीठ खाली पाडताना त्याचा ढग उठला होता. मोरोत्सो नावाच्या एका सरदाराने त्याची चौकशी करून हकीकत लिहून ठेवली. धुळीच्या स्फोटाची ही पहिली शास्त्रीय नोंद मानतात. लोकांनी ती वाचली आणि विसरून गेले.

पुढे अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या सेंट अँथनी धबधब्याच्या काठी मिनीॲपोलिस हे पिठाच्या गिरण्यांचे शहर उभे राहिले. कॅडवॉलडर वॉशबर्न यांची तेथील ‘ए’ गिरणी १८७४ साली बांधून झाली, आणि तिच्या तोडीच्या गिरण्या त्या काळी जगात थोड्याच होत्या. या गिरण्यांनी दळण्याची नवी रीत आणली होती. गव्हाचा रवा चाळण्यांवरून नेताना त्यातून हवेचा झोत सोडीत. कोंडा उडून जाई आणि पांढरेशुभ्र पीठ मिळे. त्या पांढऱ्या पिठाने बाजारपेठ जिंकली. परंतु उडालेला कोंडा आणि त्याबरोबरची पिठूळ हवा जायची कुठे? ती वेगळ्या खोल्यांत सोडीत. तेथे धूळ सावकाश खाली बसावी, अशी अपेक्षा. म्हणजे ज्या धुळीच्या ढगाला ठिणगीचे भय, तोच ढग गिरणीच्या पोटात, बंद खोलीत, मुद्दाम साठवून ठेवण्याची ही व्यवस्था होती.

२ मे १८७८ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास दिवसपाळीची माणसे घरी गेली होती आणि रात्रपाळीची चौदा माणसे कामावर चढली होती. त्या वेळी ‘ए’ गिरणी उडाली. धान्याविना कोरड्या फिरलेल्या जात्यांची ठिणगी पिठूळ हवेला लागली असावी, असा निष्कर्ष पुढे काढण्यात आला. छप्पर आकाशात गेले, दगडी भिंती कोसळल्या, शेजारच्या गिरण्याही पेटून उडाल्या. रात्रपाळीच्या चौदांपैकी एकही वाचला नाही. आसपासचे आणखी चार जण मेले. त्या माणसांनी कामाला नुकताच हात लावला होता. एवढ्या मोठ्या गिरणीत त्या वेळी अठराच माणसे दगावली, ती केवळ पाळी बदलण्याच्या वेळेमुळे, हे लक्षात घेतले म्हणजे अंगावर काटा येतो.

गिरणीत दारूगोळा होता, कोणी सूडाने आग लावली, अशा कंड्या उठल्या. तेव्हा मिनेसोटा विद्यापीठातील पेकहॅम आणि पेक या दोन अध्यापकांनी साध्या लाकडी पेट्या घेतल्या, आत दिवा ठेवला आणि पीठ फुंकून उडवले. पेटीचे झाकण उडून गेले. ढिगाने ठेवलेले पीठ जेमतेम धुमसते. हवेत पसरलेल्या पिठाच्या प्रत्येक कणाला चोहोबाजूंनी प्राणवायू मिळतो आणि तो सगळा ढग एका क्षणात जळतो, ही गोष्ट या पेट्यांनी सर्वांना पटवली. वॉशबर्न यांनी गिरणी पुन्हा बांधली. नवी गिरणी १८८० मध्ये सुरू झाली, तेव्हा धूळ गोळा करण्याची निराळी योजना तिच्यात होती.

येथून गिरणीवाल्यांची शर्यत सुरू झाली. धूळ हवेत ठेवायची नाही, खोलीतही साठवायची नाही, हे ठरले. कापडी गाळण्या पुढे आल्या. पण कापड बुजे आणि पेटेही. मिशिगन संस्थानातील जॅक्सन गावी निकरबॉकर नावाची कंपनी होती. तिच्यासाठी जॉन फिंच यांनी १८८५ साली एका धूळसंग्राहकाचे स्वामित्वपत्र मिळवले, आणि पुढच्याच वर्षी मोर्स यांनी त्यात सुधारणा केली. पत्र्याचे गोल पिंप, खाली निमुळते नरसाळे, वरच्या कडेने स्पर्शरेषेत शिरणारी हवा आणि मध्यभागातून बाहेर जाणारी वाट. आज माझ्या पडवीत आहे ती बादली हीच. कंपनीने मालाला बाजारी नाव दिले ‘सायक्लोन’, आणि ते त्या वस्तूलाच कायमचे चिकटले.

या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण ते आपल्या देशातून गेले आहे. कलकत्त्याला सागरी अपघातांच्या चौकशी-न्यायालयाचे अध्यक्ष असलेले हेन्री पिडिंग्टन हे बंगालच्या उपसागरातील वादळांच्या नोंदी वर्षानुवर्षे गोळा करीत. जहाजांच्या रोजनिशा पुढे ठेवून त्यांनी पाहिले, की ही वादळे सरळ वाहत नाहीत; वेटोळे घातलेल्या सापासारखी एका मध्याभोवती फिरतात. ग्रीक भाषेतील वेटोळ्याच्या शब्दावरून त्यांनी ‘सायक्लोन’ हे नाव घडवले आणि १८४८ मधील आपल्या खलाशांसाठीच्या ग्रंथात ते रूढ केले. आंध्र आणि ओरिसाच्या किनाऱ्यांवर हजारो माणसे बुडवणाऱ्या वादळाचे नाव चाळीस वर्षांत एका पत्र्याच्या पिंपाला मिळावे, ही शब्दांच्या नशिबाची गंमत म्हणायची.

पिठाच्या गिरणीतून हे पिंप लाकडाच्या गिरण्यांत गेले. तेथे त्याला वेगळेच काम होते. रंध्याच्या यंत्रांखाली भुशाचे आणि छिलप्यांचे डोंगर साचत. माणसे लावून ते उपसण्यापेक्षा पंख्याने नळीत ओढणे स्वस्त पडे. असे शोषक पंखे अमेरिकेत बोस्टनच्या बेंजामिन स्टर्टेव्हंट यांनी १८६० नंतरच्या दशकात प्रचारात आणले होते, आणि तेही पादत्राणांच्या धंद्यातील घासणी-यंत्रांची धूळ ओढण्याच्या निमित्ताने. पंख्याने आलेला भुसा छपरावरच्या सायक्लोनमध्ये हवेपासून सुटायचा आणि खाली बाष्पकाच्या भट्टीत इंधन म्हणून पडायचा. करवतीला शक्ती देणारी वाफ करवतीच्याच भुशावर तयार होऊ लागली. हिशेब उत्तम होता. त्यात सुताराच्या छातीचा रकाना मात्र नव्हता.

कामगारांच्या आजाराचे ज्ञान तेव्हा नव्हते असे नाही. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात धान्य चाळणारे आणि पीठ दळणारे यांच्या खोकल्याचे वर्णन आहे. इंग्लंडात शेफील्ड गावी काटेचमचे कोरड्या दगडावर घासणारे कारागीर तिशीच्या आसपास मरत. ओल्या दगडावर काम करणारे चाळीस-पन्नाशीपर्यंत जगत. तेथील डॉक्टर नाइट यांनी हे मांडले होते आणि फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८४५ साली आपल्या पुस्तकात ते उद्धृत केले. त्या धुळीवर लोहचुंबकाचे पडदे निघाले, पंखे निघाले. आणि पुष्कळ कारागिरांनी ते नाकारले, काही ठिकाणी मोडूनही टाकले! आयुष्य वाढले तर धंद्यात माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, हे त्यांचे भय होते. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. ज्या धंद्यात मरणावर मजुरीचा भाव टिकून असतो, त्या धंद्यातील माणसाने पंख्याकडे संशयाने पाहिले तर दोष एकट्या त्याचा नव्हे.

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी सायक्लोनचे गणित मांडले. जर्मनीत रोझिन, रामलर आणि इंटेलमान यांनी १९३२ मध्ये, इंग्लंडात स्टेअरमंड यांनी १९५१ मध्ये. स्टेअरमंड यांनी दिलेली मापे आजही वापरतात. पिंपाच्या व्यासाच्या निम्मी मधली नळी, दीडपट उंचीचा सरळ भाग आणि एकूण उंची व्यासाच्या चौपट. या गणितातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध झाली. सायक्लोनला एक मर्यादा असते. कण जितका बारीक तितका तो हवेच्या ओढीतून सुटण्यास असमर्थ. ठरावीक आकाराच्या खालचे कण हवेबरोबर सरळ मध्यातून निसटतात. साध्या सायक्लोनमध्ये ही सीमा साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. आणि फुप्फुसात खोलवर पोचतात ते कण नेमके या सीमेच्या खालचे. पिठाची गिरणी वाचवण्यास जे पुरे होते, ते श्वासास पुरे नव्हते. ते उपकरण श्वासासाठी केलेलेच नव्हते, तर पुरे पडेल कसे?

श्वासाचा हिशेब मांडला गेला तो इंग्लंडातील बकिंगहॅमशायर परगण्यातील हाय विकम या गावाच्या निमित्ताने. भोवताली बीच वृक्षांची राने; खुर्च्या करणे हा तेथील पिढीजात धंदा. आरंभी रानातच ओल्या लाकडाचे पाय कातीत. पुढे कारखाने झाले, यंत्रे आली, लाकूड वाळवून वापरू लागले आणि धूळ बारीक झाली. नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मी हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले, की नाकाच्या पोकळीतील एका अत्यंत विरळ कर्करोगाचे रुग्ण त्यांच्याकडे अपेक्षेपेक्षा फार येत आहेत, आणि त्यांतील बहुतेक खुर्च्यांच्या कारखान्यांतले आहेत. ऑक्सफर्डचे मॅकबेथ यांनाही तेच दिसले. डोनाल्ड ॲकेसन यांनी आकडेवारी तपासली. १९६५ ते १९६८ या काळात त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि शंकेला जागा उरली नाही. १९६९ मध्ये ब्रिटनने लाकडी सामानाच्या कारागिरांतील हा रोग धंद्यापासून होणारा रोग म्हणून मान्य केला.

या कथेतील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे मधला काळ. धूळ प्रथम नाकात गेली तेव्हापासून रोग बाहेर येईपर्यंत सरासरी चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटलेला होता. १९६० नंतर हॅडफील्डबाईंसमोर बसलेला म्हातारा खुर्चीवाला १९२० च्या आगेमागे उमेदवार म्हणून कामाला लागला होता. त्या पोराला त्या दिवशी शिंकेपलीकडे काहीच झाले नसेल. ज्या धुळीने एका क्षणात गिरणी उडवली तिच्यावर सात वर्षांत उपाय निघाला. जिने चाळीस वर्षे वाट पाहिली तिच्यावर बोट ठेवायला शतक अर्ध्याहून पुढे सरकावे लागले. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडाच्या धुळीला निश्चित कर्ककारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले ते १९९५ साली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमात धूळ जेथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घ्यावी, असे सांगितले होते. कलम उत्तम होते. परंतु विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसे असली तर ती जागा कारखाना, असा त्या कायद्याचा सर्वसाधारण नियम होता. आपल्या शहरांत फर्निचर करणारा गाळा म्हणजे एक मिस्त्री, दोन कारागीर आणि एक पोरगा. त्यांचे नाक कायद्याच्या हिशेबात सहसा आले नाही.

आणि म्हणून बादली. या उपकरणाची कारखान्यातून घरी परत येण्याची गोष्टही गमतीची आहे. जेम्स डायसन हे इंग्रज अभियंता १९७८ च्या सुमारास आपल्या कारखान्यात रंगाच्या भुकटीने हैराण झाले होते. लाकडाच्या गिरणीच्या छपरावरील सायक्लोन पाहून त्यांनी तसाच एक करून बसवला. आणि मग घरचे शोषणयंत्र पिशवी बुजून बसते, तेव्हा तेथेही हाच उपाय का चालू नये, असा विचार करून पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांचा एक छोटा सायक्लोन जुन्या यंत्रावर चढवला. पुढे पाच हजारांवर नमुने झाले आणि त्यांचे पिशवीविरहित यंत्र ब्रिटनमध्ये १९९३ साली बाजारात आले. पुठ्ठ्याचा तो पहिला नमुना आणि माझी रंगाची बादली यांत तत्त्वतः काही अंतर नाही. संपत्तीचे अंतर सोडून द्यावे.

माझी बादली भरभरून भुसा देऊ लागली तेव्हा मी निर्धास्त झालो होतो. नळी साफ, पिशवी रिकामी, कणकेचा डबा स्वच्छ. वरील इतिहास वाचल्यावर एकदा शिसवाचा तुकडा पॉलिशपेपरने बराच वेळ घासला आणि शोषणयंत्राची हवा जेथून बाहेर पडते तेथे ओला पांढरा रुमाल धरला. रुमालावर जांभळट डाग उमटला. बादलीत भुसा होता, पिशवीतही काही होते, आणि तरीही हे तिसरे काहीतरी इतके दिवस मी बंद पडवीत पुन्हा पुन्हा फिरवीत होतो.

तेव्हापासून यंत्राची मागची नळी भिंतीतून बाहेर काढली आहे, अधिक घट्ट विणीची गाळणी घेतली आहे आणि घासकाम करताना तोंडावर मुखपट्टी बांधतो. पडवीची दुरुस्ती करायला येणाऱ्या मिस्त्रींना ती सगळी मांडणी मी दाखवली. त्यांनी बादलीचे झाकण उघडून भुसा बोटांत चोळून पाहिला, “काका, हे बरंय,” म्हणाले, आणि खिशातला तंबाखूचा डबा काढता काढता विचारले, की गाळ्यावर चौघे जण एकाच वेळी घासत असतील तर केवढे पिंप लागेल. स्टेअरमंडच्या मापांचा एक कागद आता त्यांच्याकडे आहे. जस्ती पत्र्याच्या नरसाळ्यासाठी ते पत्रेवाल्याकडे भाव विचारून आले आहेत.